पळणारे, पळवणारे आणि थांबणारे

आमच्या घराण्यात पळण्याची परंपरा नाही. म्हणजे एसटी पकडायला, जनरलच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरायला आम्हीही पळालोय. पण काही कारण नसताना, पहाटे उठून, वर पैसे भरून पळायचं? आमच्या सोलापुरात कुणी असं बोललं असतं तर लोकांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

पण २०२३ च्या मे महिन्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. वय ४३. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, कोलेस्टेरॉल लाल अक्षरात, वजनाबद्दल न बोललेलंच बरं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वडिलांना हार्टचा काही त्रास?" मी म्हटलं, "होता." तेवढंच. त्या विषयावर पुढे येतो.

डॉक्टरांनी आधी स्ट्रेस टेस्ट करायला लावली. "मशीनवर पळून दाखवा, मग रस्त्यावर पळा." रिपोर्ट ठीक आला. तरी ते म्हणाले, "हे काही आयुष्यभराचं सर्टिफिकेट नाही. पळताना छातीत, हातात, जबड्यात काही वाटलं, गरगरलं, तर तिथंच थांबायचं." मी मान डोलावली. सॉफ्टवेअरवाले अटी आणि शर्तींना जशी डोलावतात तशी.

सुरुवात एकट्यानेच केली. पाषाणमधल्या आमच्या सोसायटीपासून पाषाण तलावापर्यंत. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. तिसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला, चौथ्या आठवड्यात एक कुत्रं मागे लागलं (त्या दिवशीचा वेग मी आजवर मोडू शकलेलो नाही), आणि पाचव्या आठवड्यात बूट बाल्कनीत वाळत पडले ते पडलेच. ग्रुप पाहिजे बुवा, त्याशिवाय आपल्याच्यानं होणार नाही, असं ठरलं.

पुण्यात ग्रुपना तोटा नाही. ज्या गावात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होतेय, तिथं कुठल्याही रविवारी पहाटे बाहेर पडा, फ्लोरोसंट टीशर्टांचा एखादा थवा दिसतोच. प्रश्न निवडायचा कुठला हा.

पहिला ग्रुप ऑफिसातल्या मित्राने सुचवला. एकदम प्रोफेशनल. तीन महिन्यांची फी, टीशर्ट, स्पीकरवर गाणी लावून वॉर्मअप, फोटोग्राफर, आणि व्हॉट्सॅपवर दोनशेच्या वर माणसं. बालेवाडीच्या क्रीडा संकुलाबाहेर रविवारी सहाला जमायचं. ट्रेनिंगचा प्लॅन म्हणजे एक एक्सेल शीट. सव्वीस वर्षांच्या पोरालाही तीच आणि मलाही तीच. आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात आणि कोड रिव्ह्यूत यासाठी शिव्या पडतात. पण माणूस पैसे भरून आला की रिव्ह्यू करायचं विसरतो. शिवाय उत्साह एवढा दांडगा की मी पहिल्याच आठवड्यात जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनची स्वप्नं पाहायला लागलो.

ऑक्टोबरातली गोष्ट. ऑफिसात रिलीज होतं म्हणून दोन आठवडे दांडी झाली होती. शीटमध्ये त्या रविवारी १० किलोमीटर होते. मध्ये दांडी झाली तर काय करायचं याची ओळ शीटमध्ये नव्हती. म्हटलं, पळू. सूसच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळे पुढे निघून गेले होते. सातव्या किलोमीटरच्या आसपास डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानात शिट्टी वाजायला लागली. मी एका बंद पंक्चरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. बसलो म्हणजे पाय दुमडले आणि खाली पायरी होती.

शेजारी टपरी होती. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "दादा, डोकं खाली घाला आधी." मग पाणी, मग चहा, मग एक बिस्किटाचा पुडा. पैसे नव्हते, मोबाईलवरून देऊ लागलो तर म्हणाल्या, "राहू द्या, रंग आधी माणसासारखा होऊ द्या तोंडाचा." अर्ध्या तासाने रिक्षा करून बालेवाडीला परत गेलो. तिथं कोणी नव्हतं. फोटो काढून मंडळी घरी गेली होती. व्हॉट्सॅपवर फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, "आज सगळ्यांनी १० के पूर्ण केले! १०० टक्के!!" आणि मी काय केलं असेल? त्यावर अंगठा टाकला.

आता वडिलांबद्दल.

१९९९ साली मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाबा एक्कावन्न वर्षांचे. रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने फिरायला जायचे. लेंगा, सदरा, खिशात फक्त घराची किल्ली. एके दिवशी तिथंच कोसळले. लोक चांगले होते, त्यांनी लगेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पण हे कोण, कुठले, कुणालाच माहीत नव्हतं. घरी कळायला अडीच तास गेले. त्या अडीच तासांत आईने त्यांचा चहा दोनदा गरम केला. डॉक्टर नंतर म्हणाले की लवकर कळलं असतं तरी फरक पडला नसता. खरंही असेल. पण आईला दुःख झालं ते वेगळंच. ती एवढंच म्हणते, "ते तिथं एकटे होते आणि मी चहा गरम करत होते."

मी पळायला लागल्यापासून रविवारी पहाटे आई हॉलमधल्या दिवाणावर जपमाळ घेऊन बसायची. मी निघताना बसलेली, परत येईपर्यंत बसलेली. काही बोलायची नाही. त्या पंक्चरच्या दुकानाच्या पायरीवर मला पहिला विचार आला तो हा, की माझ्या खिशातही चिठ्ठी नाही. मोबाईल होता, पण लॉक केलेला. माझ्या अंगठ्याशिवाय तो कोणाच्या काय कामाचा?

असो. पहिला ग्रुप सोडला. (फी परत मिळत नाही, हे अटी आणि शर्तींमध्ये होतं.)

दुसरा ग्रुप म्हणजे खऱ्या धावपटूंचा. पहाटे पाचला ट्रॅकवर. फोटो नाही, गाणी नाही. काटक माणसं, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमधल्या यवतेश्वर घाटाच्या चढाबद्दल आपण ऑफिसच्या लिफ्टबद्दल बोलतो तसं बोलणारी. तिथल्या कोचने माझ्याशी दहा मिनिटं बोलून सरळ सांगितलं, "सर, खरं सांगू? तुम्ही वर्षभराने या. तुमच्याबरोबर मागे पळायला माझ्याकडे माणूस नाही." मला राग आला नाही. उलट इतक्या महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोललं होतं.

तिसरा ग्रुप बायकोने शोधला. तिलाही पळायचं होतं, पण तिचे प्रश्न माझ्यापेक्षा वेगळे होते. जमायच्या वेळी उजेड असतो का? बायका किती? वाटेत स्वच्छतागृह आहे का? मी सहा महिने दोन ग्रुप पालथे घातले, यातला एकही प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

हा ग्रुप विद्यापीठाच्या गेटजवळ जमतो. पंचवीसेक माणसं, त्यात नऊ बायका. फी नाही, केळी आणि गूळ-शेंगदाण्यांची वर्गणी. म्होरके एक काका, बँकेतून निवृत्त, वय अडुसष्ट. त्यांच्या हातात दोनशे पानी वही. आल्याआल्या माझं नाव, रक्तगट, गोळ्या कुठल्या, घरचे दोन नंबर, सगळं लिहून घेतलं. वडिलांचंही विचारलं. मी सांगितलं. काकांनी मान वर न करता ते लिहिलं आणि म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस ते."

पद्धत अशी. आलं की वहीत टिक, परत आलं की दुसरी टिक. शिवाय दर रविवारी एक जण 'शेपूट'. शेपटाने सगळ्यात हळू माणसाच्या मागे राहायचं, त्याच्या पुढे जायचं नाही. मी म्हटलं, "काका, चांगलं आहे हे." ते म्हणाले, "अरे, छत्तीस वर्षं बँकेत काढली. कॅश टॅली झाल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. इथं तर माणसं आहेत."

मी आपला सवयीप्रमाणे जरा वाचन केलं, तर गंमत कळली. हळू पळणाऱ्यांचे ग्रुप हे काही मॅरेथॉनवाल्यांचं उरलंसुरलं नव्हे. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांच्या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली, पीटर स्नेलने ८०० मीटरला आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरला. त्याच लिडियार्डनी सुटलेल्या पोटांच्या, हृदयाचं दुखणं असलेल्या माणसांना गप्पा मारता येतील इतकं हळू पळायला लावलं आणि त्यातून १९६२ च्या सुमारास ऑकलंडमध्ये जॉगर्स क्लब उभा राहिला. अमेरिकेचे कोच बिल बॉवरमन तिथं गेले, त्या म्हाताऱ्यांबरोबर पळताना मागे पडले, आणि ते खूळ अमेरिकेत घेऊन गेले. हेच पुढे नायकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. म्हणजे आपण ज्याला लिंबूटिंबूंचा ग्रुप म्हणतो तेच मूळ पीठ!

काही समजुतीही गळून पडल्या. 'दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा, म्हणजे दुखापत होत नाही' हे सगळीकडे ऐकू येतं. हॉलंडमध्ये ५३२ नवशिक्यांवर हे तपासून बघितलं, २००८ साली निष्कर्ष छापून आले. दहा टक्क्यांच्या नियमाने हळूहळू वाढवणारे आणि झटपट वाढवणारे, दोन्हीकडे साधारण २० टक्के लोक जायबंदी झालेच. तेव्हा नियम पाळा, पण त्याच्या भरवशावर पोटरीचं दुखणं अंगावर काढू नका. दुसरं पाण्याचं. पहिल्या ग्रुपमध्ये 'तहान नसली तरी प्या' असा दंडक होता. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं निघालं. वाटेत पाणी पिऊन पिऊन वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ लावणारे, म्हणजे आपल्यासारखेच, यात जास्त. काका तर साधं सांगतात, "तहान लागली की पी. ढेकर येईपर्यंत पिऊ नकोस."

तिसऱ्या ग्रुपात सगळं आलबेल आहे असं नाही. राजकारणावर वाद होतात, ते पळून संपत नाहीत. नंतर मिसळ खाल्ली जाते, तिच्या तर्रीत सकाळचा सगळा हिशोब बुडतो. वेग कोणाचाच वाढत नाही. ज्याला वेळ कमी करायचाय त्याने खुशाल त्या ट्रॅकवरच्या कोचकडे जावं.

पण नवीन कोणी मला विचारलं, कुठला ग्रुप घेऊ, तर मी चार गोष्टी सांगतो. एक, फी भरायच्या आधी एका रविवारी नुसतं जाऊन उभं राहा. दोन, तुमच्याबद्दल ते काय विचारतात ते बघा, नुसता टीशर्टाचा साइज विचारला तर सावध व्हा. तीन, 'मध्ये दोन आठवडे चुकले तर?' असं विचारा. चार, सगळ्यात महत्त्वाचं, पहिला कोण आला ते बघू नका. शेवटचा माणूस येईपर्यंत तिथं कोण थांबलंय ते बघा.

आता शेवटचं सांगतो. २०२५ च्या फेब्रुवारीतला रविवार. बायको माहेरी गेली होती, मी एकटाच आलो होतो. पळणं संपता संपता ऑफिसातून फोन, प्रोडक्शन बंद. मी तसाच स्कूटरला किक मारली, घरी आलो, खोलीचं दार लावून कॉलवर बसलो. दुसरी टिक राहिली. पावणेनऊला दारावरची बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात काका, हाफ पँटमध्ये, घामाघूम, काखेत वही. मागे अजून दोघं.

"ताई, हा घरी आलाय का?"

मी बाहेर आलो. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आधी मोबाईल काढून कोणाला तरी सांगितलं, "सापडला. या परत." अजून चार जण विद्यापीठात झाडाझाडाखाली मला शोधत होते. मग मला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी मान खाली घालून उभा. सॉरी म्हणालो ते कोणाला ऐकूही गेलं नसेल.

आई मात्र वहीकडे बघत होती. म्हणाली, "बघू?" काकांनी वही दिली. तिने चष्मा लावला, माझं नाव शोधलं, त्यापुढची एकच टिक बघितली, बोटाने ती ओळ धरून बराच वेळ उभी राहिली. मग वही काकांना परत देऊन म्हणाली, "बसा सगळे. चहा टाकते." काकांनी खिशातलं पेन काढून दुसरी टिक केली, वेळ लिहिली, ८.५२, आणि मगच बसले.

पुढच्या रविवारी मी साडेपाचला उठलो. हॉलमध्ये अंधार होता. दिवाण रिकामा. आईच्या खोलीचं दार थोडं उघडं होतं, आत बघितलं तर ती कुशीवर वळून गाढ झोपली होती.

मी बूट दाराबाहेर जाऊन घातले.