जमिनीत साठवलेलं ऊन

दोस्तांनो, उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यासाठी साठवता येईल का? चला कॅनडातल्या ओकोटोक्स गावी! कॅलगरी शहराच्या दक्षिणेला असलेल्या या गावात कडाक्याची थंडी पडते. तिथल्या ५२ घरांच्या एका वसाहतीने २००७ मध्ये गंमतच केली. गॅरेजच्या छपरांवर उन्हाची उष्णता गोळा करायची आणि १४४ खोल बोअरमधून ती जमिनीत मुरवायची. दुपारी तापलेली गच्ची रात्रीही कोमट लागते ना? तसंच! हिवाळ्यात तीच ऊब पाण्यावाटे घरोघरी पोचे. २०१५-१६ च्या हिवाळ्यात तर सगळी घरं उन्हावरच उबदार राहिली. पुढे यंत्रणा जुनी होऊन बिघडू लागली. २०२४ मध्ये ती बंद करावी लागली. मग प्रयोग फसला का? छे! झिजली ती यंत्रं. जमिनीने ऊब जपून दाखवलीच की!