वहीतला रुग्ण आणि वाटेवरचा रुग्ण

आमच्या धर्मग्रामातील परिचर्या आणि समाजकार्य शिकणारी मुले-मुली परीक्षेच्या तोंडावर धर्मगुरूंच्या निवासाकडे वळू लागतात, ती प्रार्थनेसाठी नव्हे. त्यांना ‘नोट्स’ हव्या असतात. परिचारिकांच्या अभ्यासक्रमातही समाजशास्त्र हा विषय आहे, आणि गुरुविद्यालयात काही वर्षे तत्त्वज्ञान घोकलेल्या माणसाला समाजशास्त्र येतच असणार, असा या मंडळींचा भाबडा समज आहे. मी तो मोडत नाही. त्या निमित्ताने चार तरुण घरी येतात, चहा होतो, बोलणे होते.

त्यांच्या वह्या मी आवडीने चाळतो. ‘कुटुंबाची कार्ये’ याखाली सात मुद्दे, ‘रुग्णाची भूमिका’ याखाली चार. मुद्दे बरोबर असतात. रुग्णाच्या भूमिकेचा विचार टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली मांडला. आजारी माणसाला त्याच्या नेहमीच्या कामातून सूट मिळते, आजाराबद्दल त्याला दोष दिला जात नाही. मात्र बरे होण्याची इच्छा धरणे आणि जाणत्या वैद्याचे साहाय्य घेणे ही त्याची कर्तव्ये ठरतात. विचार मोठा नेटका आहे. मुलींनी तो पाठ केला आहे, आणि परीक्षकालाही तो पाठ आहे. आपल्याकडचा आजारी माणूस या चौकटीत बसतो की नाही, हे विचारण्याची वेळ मात्र दोघांवरही येत नाही.

अडचण काही अंशी भाषेची आहे. समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सुरू झाले. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली ती संस्था आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पुढे १९५५ मध्ये धर्मभगिनींनी मुंबईतच निर्मला निकेतन सुरू केले. या संस्थांनी मोठे काम केले यात शंका नाही, पण शिकवण्याची भाषा इंग्रजी राहिली आणि उदाहरणेही बहुधा तिकडचीच आली. ‘केअर’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. सेवा, शुश्रूषा, देखभाल, जपणूक असे शब्द मी सांगितले. मग सुचला तो ‘काळजी’. आपण काळजी घेतो आणि काळजी करतोही. आईच्या उशाशी रात्रभर बसलेली लेक ही दोन्ही कामे एकाच वेळी करीत असते. पाठ्यपुस्तकात या शब्दाला पहिला अर्थ तेवढा उरतो.

म्हणून एका मार्गशीर्षात पाच जणांना घेऊन मी नृसिंहवाडीला गेलो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील हे दत्तक्षेत्र. दत्तजयंतीच्या सुमारास तिथे माणसांचा पूर लोटतो. (पाण्याचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ साली लोटला, त्याचे धडे निराळे आहेत.) दुखणाईत माणसाला सेवेसाठी दत्तक्षेत्री आणून ठेवण्याची रीत जुनी आहे. घाटावर एक वृद्ध गृहस्थ शून्यात पाहत बसले होते. सोबत पत्नी, मुलगा आणि सून अशी तिघे होती. आमच्या विद्यार्थ्याच्या छापील तक्त्यात रुग्णाचे नाव, वय, निदान, औषधे असे रकाने होते. मुक्कामासाठी कामधंदा सोडून आलेल्या त्या तिघांसाठी त्यात एकही रकाना नव्हता. मुलाने वहीच्या समासात तो आखला. मला ते फार आवडले. त्या कुटुंबाशी श्रद्धेवरून वाद घालू नका, एवढे मी आधीच बजावले होते. त्यांचे डॉक्टरांकडचे उपचार चालू आहेत ना, हे तेवढे हळूच विचारा, म्हटले.

परतताना ऊस दिसत राहिला. शिरोळ तालुका उसाचा. हंगामात बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या खोप्या शेताकडेला उभ्या असतात. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि ती तोडून फेडायची असते. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’, त्याचा भुर्दंड वेगळा. पार्सन्सने सांगितलेली सूट येथे कुठे बसवायची? आमच्या मुलींपैकी एकीने एका बाईला तब्येतीविषयी विचारले, तेव्हा तिने आधी मुकादम जवळपास आहे का ते पाहिले आणि मगच कंबरेच्या दुखण्याचे सांगितले.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाने समिती नेमली. ८२,००० हून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,००० हून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळी, खाडा, उचल आणि शस्त्रक्रिया यांचा सांधा जुळवून दाखवणारा धडा मला तरी कोणाच्या वहीत दिसला नाही. तो लिहायला परदेशी ग्रंथाची गरज नाही. हंगामात चार दिवस शिरोळला यावे.

असे शिक्षण आपल्याकडे झालेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावच्या निरक्षर किंवा जेमतेम शिकलेल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांत दलित स्त्रिया होत्या, टाकलेल्या स्त्रियाही होत्या. त्या गाणी रचत, चित्रे दाखवत, आणि पाणी, बाळंतपण, कुपोषण यांविषयी गावाला शिकवत. पुढे बाहेरचे डॉक्टर आणि विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्याही अशाच. सासर, बाळंतपण, दुखणे, वांझपणाचा बोल असे सारे स्त्रियांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली सामग्री कुठली मिळणार?

आमच्या सभागृहातील एका कपाटात आता अशी कागदपत्रे ठेवायला सुरुवात केली आहे. त्यात आशा सेविकांच्या सचित्र पुस्तिका आहेत, ओव्यांच्या काही प्रती आहेत, आणि वाडीहून आल्यावर पाचही जणांनी लिहिलेली टिपणे. कंबरदुखीविषयी विचारणाऱ्या त्या मुलीच्या टिपणाच्या शेवटी एक प्रश्न आहे, आणि तिच्या शिक्षिकांपुढेही तो तिने ठेवला आहे: दोन माणसांना मिळून जिथे एक कोयता म्हणतात, तिथे दुखण्याचा केसपेपर कोणाच्या नावाने काढायचा?