भूमितीच्या बाई

स्नेहसंमेलनाच्या नाटकात शिवाजी महाराज मुलगीच आणि अफझलखानही मुलगीच. दाढी चिकटवल्यावर डिंक वाळून गाल ओढले जायचे, त्यामुळे हसायचीही चोरी. मुलींच्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ही आठवण ती सगळ्यांत आधी सांगेल. मला मात्र त्या नाटकाच्या आधीचे दोन दिवस जास्त आठवतात. वरच्या मजल्यावरची बाकं जिन्यावरून खाली आणणं, टेबलं जोडून स्टेज करणं, स्टुलावर चढून ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवणं ही सगळी कामं आम्हीच करायचो. ‘हे मुलांचं काम’ म्हणायला मुलगे होतेच कुठे? पुढे कॉलेजात गेल्यावर एकाने माझ्या हातातली खुर्ची ‘दे, तुला झेपायची नाही’ म्हणत काढून घेतली, तेव्हा मी चक्रावलेच. नववीत असताना अशा खुर्च्या मी दोन-दोन नेत असे.

शाळा पुण्यात, पेठेत. अकराची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो वाजवण्याचा मान शिपाई मावशींचा. प्रार्थना, प्रतिज्ञा, मग नखं आणि रिबिनींची तपासणी. दोन वेण्या वर बांधलेल्याच हव्यात. एक जरी सुटलेली दिसली तरी रांगेतून बाहेर. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणाच्या घरी आज काय बिनसलंय हे सगळ्यांना कळायचं, कारण डब्यात सलग तीन दिवस पाव यायचा. फाटकाबाहेर चिंचा, आवळे आणि तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी. हस्त नक्षत्रात पटांगणावर हत्तीचं चित्र मांडून भोंडला व्हायचा आणि खिरापत ओळखताना आवाज लक्ष्मी रस्त्यापर्यंत जायचा.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक आठवणींत गाळली जाते. ‘पोटात दुखतंय’ एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. मावशींच्या खोलीत एक खाट होती, गरम पाण्याची पिशवी होती आणि जुन्या धुतलेल्या साड्यांच्या घड्या होत्या. घरी ज्या चार दिवसांत मुलीला कोपऱ्यात बसवत, त्या दिवसांत शाळेत ती फार तर एक तास आडवी होऊन पुन्हा वर्गात येऊन बसायची. मला वाटतं, मुलींच्या शाळेचं मोठेपण सांगताना आधी ही खाट सांगावी, निकालाची टक्केवारी नंतर.

भूमितीच्या बाई मधल्या सुट्टीनंतर यायच्या. सुती पाचवारी, घट्ट अंबाडा, पायात कोल्हापुरी, आणि खडूने पांढरी झालेली उजवी बाही. त्या काळच्या शिक्षिकांच्या तोंडी विद्यार्थिनींसाठी जे लाडाचे शब्द असत, ते बाईंकडून आम्ही कधी ऐकले नाहीत. फळ्यावर वापरायच्या लाकडी कंपासचं टोक मोडलं होतं आणि नवा मागवायला शाळेकडे बहुधा पैसे नव्हते. बाईंनी शिवणाच्या तासाचं रीळ मागवलं. हातभर दोरा तोडून त्याच्या एका टोकाला खडू बांधला आणि दुसरं टोक कुणातरी मुलीला अंगठ्याने फळ्यावर दाबून धरायला सांगितलं. मग दोरा ताणून त्या वर्तुळ काढायच्या. अंगठा जरा सरकला की रेघ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळत नसे. मिळाली नाही तर बाई सगळं पुसायच्या आणि म्हणायच्या, ‘परत धर.’ चिडायच्या नाहीत, दुसरीला बोलवायच्याही नाहीत. तीच मुलगी, तोच अंगठा, वर्तुळ पुरं होईपर्यंत. माझ्या अंगठ्याला दोऱ्याचा वळ दिवसभर राही.

पाठांतरावर त्यांचा राग. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता आम्ही घोकून यायचो. बाई त्रिकोण उलटा काढायच्या, काटकोन वरच्या बाजूला, आणि शिरोबिंदूंना भलतीच अक्षरं द्यायच्या. अर्ध्या वर्गाची बोबडी वळायची, कारण काटकोन डावीकडे खालीच असतो अशी आमची पक्की समजूत होती. ‘तुम्ही प्रमेय पाठ केलंय की चित्र?’ असं विचारून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहत. उत्तर येईपर्यंत शांतता. घंटा झाली तरी.

या हट्टामागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं. आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर भिडे वाडा होता, जिथे 1848 साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. तिथून थोडं पुढे, पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी, 1884 साली न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, मोडक यांच्या खटपटीतून उभी राहिलेली हुजूरपागा. हे मुलींचं हायस्कूल निघाल्यावर ‘मराठा’ साप्ताहिकातून टिळकांनी त्याच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली होती. मुलींना संसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, हा त्या टीकेचा एकूण रोख. वाद तिथे संपला नाही. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला बीजगणित-भूमिती सोडून सोपं गणित घ्यायची पळवाट असे, आणि ती वाट बऱ्याच मुलींना घरातूनच दाखवली जाई. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हे तपासायला 1962 साली हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’च्या जागी ‘सर्व माणसं’ घालायला लावणाऱ्या त्याच या हंसाबेन. समितीने भेदभावाच्या विरोधात कौल दिला, कोठारी आयोगाने तो उचलून धरला आणि पहिली दहा वर्षं गणित-विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करा असं सांगितलं. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी 1975 ची. म्हणजे आम्ही फळ्याशी उभ्या राहून अंगठा दाबत होतो, तेव्हा गणिताचा हा हक्क जेमतेम चार-सहा वर्षांचा होता. बाईंनी त्याआधीची पळवाटही पाहिली होती आणि त्या वाटेने गेलेल्या हुशार मुलीही.

हे सगळं बाई वर्गात कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर आम्ही जांभया दिल्या असत्या.

नववीच्या सहामाहीनंतर आमच्यातली एक यायची बंद झाली. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची तीन भावंडं, चुलीपाशी कुणीतरी हवं होतं. एका रविवारी बाई तिच्या घरी गेल्या आणि वह्या उचलायला आम्हा दोघींना बरोबर नेलं. तिच्या वडिलांशी त्या बोलल्या, पण मुलीला शाळेत परत पाठवा असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘स्वयंपाक किती वाजता आटपतो?’ अडीच, असं उत्तर आलं. पुढच्या रविवारपासून बाई पावणेतीनला तिथे हजर. ती परातीत संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळत असायची आणि बाई उंबऱ्यावर बसून तोंडी प्रश्न घालायच्या. हात पिठाचे, त्यामुळे आकृती मनातच काढायची. आम्हाला हेवा वाटायचा, कारण मनातल्या मनात काटकोन कुठेही ठेवायला ती आमच्या आधी शिकली. सतरा नंबरचा फॉर्म बाईंनी स्वतः भरून आणला, वडिलांची सही घेतली आणि ती आमच्यानंतर एक वर्षाने बाहेरून दहावी झाली. भूमितीत तिला माझ्याहून जास्त गुण. याचा मला त्या वेळी थोडा राग आला होता, तो आता सांगायला हरकत नाही.

मध्यंतरी आम्ही सगळ्या जमलो. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी अमेरिकेत नातवंडं सांभाळून परतलेली, दोघी डॉक्टर, कितीतरी गृहिणी. शाळेत आता मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी झाल्या आहेत, एक मजला रिकामा असतो. त्यावर थोडी हळहळ झाली, आणि ज्यांनी आपली मुलं इंग्रजी शाळांत घातली होती त्यांनी ती सगळ्यांत जास्त केली. मग भाषणं. बाई आमच्या आईसारख्या होत्या, असं तिघी-चौघी गहिवरून बोलल्या. नव्वदीला टेकलेल्या बाईंनी माइक मागून घेतला. ‘माझी दोन मुलं आहेत, तेवढी मला पुरे,’ म्हणाल्या. ‘मी तुमची शिक्षिका होते. ते काही कमी नाही.’

आणि मग त्यांनी सतरा नंबरवालीला हाक मारली. कोथरूडला तिचं पोळी-भाजी केंद्र आहे, अकरा बायका कामाला. दिवसाला पीठ किती, गॅस किती, पोळीमागे सुटतात किती, बाईंनी एकेक विचारायला घेतलं. ती बोटांवर हिशेब सांगत होती आणि बाई मध्येच अडवून म्हणत होत्या, ‘थांब, वजाबाकी परत कर.’ शाल आणि श्रीफळ हातात धरून आम्ही चौघी बाजूला उभ्या. सूत्रसंचालन करणारीने दोनदा घड्याळ दाखवलं, बाईंनी बघितलंसुद्धा नाही.