चौथ्या मजल्यावरचं कपाट

आम्ही राहतो त्या सिल्व्हर पार्कला आता डोक्यावर मेट्रोचा पूल आहे. १९९८ साली आम्ही गिरगावातल्या चाळीतून इथं आलो तेव्हा शेअर रिक्षा मिळाली तर नशीब आणि नळाला पाणी आलं तर सण. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आणि आमचं घर नेमकं चौथ्यावर. लोखंडी कपाट चौघांनी मिळून वर चढवलं. त्यातला एक माझ्या ऑफिसातला. या घराच्या कर्जाला जामीन राहिला होता तोही हाच.

पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, दोन जामीनदार, पुढच्या तारखांच्या चेकांची गड्डी. व्याज चौदा टक्क्यांच्या आसपास. ‘सिबिल’ स्थापन व्हायला अजून दोन वर्षं होती. माझा स्कोअर म्हणजे कर्ज देणाऱ्या साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “पतपेढीचा हप्ता आधीच कापला जातोय. त्यात आमचा गेला की खाणार काय?”

कारण असं तोंडावर आलं, म्हणून उत्तर देता आलं. पतपेढीचं कर्ज मार्चमध्ये फिटतंय आणि ही घरी शिवणकाम करते, असं मी सांगितलं. आठवड्याने त्यांचा माणूस चाळीतल्या खोलीवर आला, चहा प्यायला, शिलाई मशीन आणि दाराला टांगलेले ब्लाउज बघून गेला. कर्ज मंजूर झालं.

हा किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की घरातले मी तोंड उघडताच उठून जातात. याची दुसरी बाजू मात्र मी फारशी सांगत नाही. त्याच वर्षी शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना, कागद चोख असूनही, महिनोन्‌महिने नुसतं “वरून कळवतो” ऐकावं लागलं. त्यांचं आडनाव साहेबांच्या पसंतीचं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. फायलीत तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

परवा एका कंपनीने पुतण्याचा कर्जाचा अर्ज फेटाळला. मोबाइलवर, चहा निवायच्या आत. ‘आपला अर्ज आमच्या निकषांत बसत नाही.’ भांडायचं कोणाशी?

माझी मुलगी असे अर्ज तपासणाऱ्या गणितात काम करते. ती म्हणाली, “बाबा, त्या कंपनीचं मॉडेल आपल्याला दिसणार नाही. पण अशी मॉडेलं विचार कसा करतात ते दाखवते.” होम क्रेडिट या मूळच्या चेक कंपनीने २०१८ मध्ये एका जाहीर स्पर्धेसाठी तीन लाखांहून जास्त कर्जांची माहिती, नावगाव काढून, खुली केली होती. कंपनीच्या नावात ‘होम’ असलं तरी ही घरकर्जं नव्हेत. पण प्रश्न तोच, हप्ते थकणार का? त्यातली साधारण आठ टक्के कर्जं अडचणीत आलेली.

त्या माहितीवर घडवलेलं मॉडेल उघडून तिने एक अनोळखी कर्जदार निवडला. पडद्यावर लाल-निळ्या पट्ट्या. लाल पट्ट्या धोका वाढवणाऱ्या, निळ्या कमी करणाऱ्या. सुरुवात सगळ्यांच्या सरासरीपासून. पट्ट्यांची बेरीज-वजाबाकी केली की या माणसाचा आकडा येतो. मी विचारलं, “पण कोणती गोष्ट किती जबाबदार, हे ठरवलं कोणी?”

“आपलं कपाट आठवा. चौघांपैकी कोणी किती वजन उचललं? एकटा आला तर कपाट हलतच नाही. दुसरा आला की थोडं हलतं. तिसऱ्याने हात लावला की एकदम जिना चढायला लागतं. म्हणून सगळं श्रेय तिसऱ्यालाच द्यायचं? तोच आधी आला असता तर? मग चौघं ज्या ज्या क्रमाने येऊ शकतात ते सगळे चोवीस क्रम घ्यायचे, प्रत्येक वेळी माणूस आल्याने किती भर पडली ते बघायचं आणि सरासरी काढायची.”

लॉइड शेप्ली या अमेरिकन गणितज्ञाने ही वाटणी १९५३ मध्ये मांडली होती. २०१७ मध्ये लुंडबर्ग आणि ली या संशोधकांनी ती मॉडेलांच्या अंदाजांना लावली. त्या पद्धतीला ‘शॅप’ म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र ती कपाटासकटच बसली. साहेबांच्या टेबलाला अशा पट्ट्या लावता आल्या असत्या तर आडनावाची पट्टी केवढी निघाली असती, हेही मनात आलं.

मग सर्वांत लांब पट्टी कशाची ते वाचलं. ‘बाहेरून आलेला स्कोअर’. तो कशावरून काढला? “ते कंपनीने सांगितलेलं नाही,” मुलगी म्हणाली. म्हणजे साहेबांनी बोट दाखवलं ते दुसऱ्या साहेबांकडे, आणि त्यांच्या केबिनचं दार बंद. शिवाय तिने बजावलं की ही कारणं मॉडेलने असं का म्हटलं त्याची आहेत. माणूस खरोखर का बुडेल, त्याची नाहीत.

रकान्यांची यादी मी चाळत होतो. वय, नोकरीचे दिवस, राहत्या भागाचा दर्जा. शिलाई मशीन कुठंच नव्हतं. एका रकान्यापाशी थांबलो: अर्जदाराच्या ओळखीपाळखीतल्या किती जणांनी हप्ते थकवले.

“आणि किती जण जामीन राहायला तयार आहेत, हा रकाना?”

तिने यादी खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर नेली.

“नाही हो, बाबा.”

पुतण्या मागे त्याच कपाटाला टेकून उभा होता.