फळ्यावरचे नाव

चंदीगढला अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यावर एका मिशनरी प्राथमिक शाळेवरून रोज जाणे होते. परवा फाटकाशी ‘मॉनिटर’चा बिल्ला लावलेली एक मुलगी दिसली. एका रडव्या लहानग्याच्या बुटाची नाडी ती बांधत होती.

हा शब्द विलायती. कल्पना मात्र आपलीच. मद्रासच्या अनाथालयाचे प्रमुख असताना पाद्री अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि आठेक वर्षांच्या जॉन फ्रिस्कनकडे धाकट्यांना शिकवण्याचे काम सोपवले. १७९७ साली त्यांचे पुस्तक लंडनला निघाले व ही पद्धत दूरवर पसरली. आपल्या पंतोजींच्या शाळेतही थोरली मुले धाकट्यांना धुळाक्षरे गिरवायला शिकवीत. अर्थात या पद्धतीत मॉनिटरचे मुख्य काम शिकवण्याचे, नुसत्या पहाऱ्याचे नव्हे.

लहानपणी मीही मॉनिटर होतो. बोलणाऱ्यांत जिवलग मित्राचे नाव मी फळ्यावर लिहिले. त्याला छड्या बसल्या; मला शाबासकी मिळाली. तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. त्या लिहिण्याला मी बरीच वर्षे कर्तव्य म्हणत आलो.

नाडी बांधून झाल्यावर मुलीने लहानग्याचे बोट धरले आणि त्याला आत नेले. मी फाटकाशी थोडा वेळ उभाच राहिलो.