बेड्या काढल्या आणि ओळंबा हाती दिला

शिंपल्यांचा चुना घ्यायचा, वाळूचा कणही घालायचा नाही. त्यात अंड्याचं पांढरं आणि गूळ घालून कुटत, मळत राहायचं. नारळाची सोडणं भिजत घातलेल्या पाण्यानं तो लगदा सैल करायचा. मग भिंतीवर गिलावा. तो वाळला की स्फटिकानं नाहीतर गोल गुळगुळीत दगडानं घासत बसायचं, मधूनमधून शंखजिऱ्याची पूड मारायची आणि भिंत लखलखेपर्यंत हात थांबवायचा नाही!

सिंगापूरच्या सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलला हा मद्रासी चुना असा लागला. आणि तो लावणारे कोण? हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी! दरोडेखोर, ठग, खुनी. मुंबई, मद्रास, बंगाल, तिन्ही इलाख्यांतले. शाळेत काळं पाणी म्हटलं की आम्हाला अंदमान शिकवलं. त्याच्या कितीतरी आधी, १८२५ पासून, आपली माणसं सिंगापूरला जात होती आणि त्यांनी तिथं अर्धं शहर उभारलं, हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?

मुलीकडे सिंगापूरला गेले होते. उन्हातून सावली शोधत त्या पांढऱ्या शुभ्र चर्चमध्ये शिरले, तिथं हा इतिहास कळला आणि त्याच रात्री मेजर मॅकनेअर यांचं १८९९ सालचं पुस्तक उघडलं. ‘प्रिझनर्स देअर ओन वॉर्डर्स’, म्हणजे कैदी हेच कैद्यांचे पहारेकरी. मॅकनेअर पेशानं इंजिनिअर, आणि या बंदिवानांचा कारभार बरीच वर्षं त्यांच्याकडे होता. पहाट झाली तरी पुस्तक खाली ठेववेना.

कैद्यांचे सहा वर्ग असत. नवा आलेला माणूस पायात हलक्या बेड्या घेऊन चौथ्या वर्गात लागे. वागणूक चांगली राहिली तर तिसऱ्या वर्गात चढे आणि बेड्या निघत. दुसऱ्या वर्गातून टंडेल, प्यून नेमले जात. इतर कैद्यांवर देखरेख करायची ती यांनीच. पहिल्या वर्गाला तुरुंगाबाहेर राहून स्वतःची भाकरी स्वतः कमावण्याची मुभा मिळे. पाचवा वर्ग खाली घसरलेल्यांचा, त्यांच्या पायांत जड बेड्या. सहावा म्हाताऱ्या-अपंगांचा. चढायला आणि उतरायला एकच जिना, आणि प्रत्येक पायरी माणसाच्या स्वतःच्या हातात!

आणि त्या जिन्याला लागून कारखाने! सुतार, लोहार, गवंडी, पाथरवट, वीटभट्टीवाले, चुना भाजणारे. ज्यांना काम येत होतं ते नव्यांना शिकवत. सेरंगून रोडवरच्या भट्ट्यांत विटा भाजल्या जात, खाणीत दगड फुटे. नकाशे काढायलाही कैदी तयार झाले, या ओळीशी मी कितीतरी वेळ थांबले. नांगराखेरीज काही न धरलेला एखादा हात कागदावर कमानीचं माप काढतोय! ब्रास बासाचा तुरुंग तर त्यांनी स्वतःच बांधला. दूर समुद्रातल्या बेटावर, १८५५ मध्ये पेटलेल्या रॅफल्स दीपगृहासाठी तेच राबले.

आता कुणी म्हणेल, कंपनी सरकारला फुकटचे मजूर हवे होते. हवेच होते! रस्ते करायचे होते, दलदल भरायची होती, आणि माणसं घरादारापासून तोडून आणली होती. त्याचं दुःख मी झाकणार नाही. तरीही दगड फोडायला लावणं वेगळं आणि ओळंबा धरायला शिकवणं वेगळं, हे त्या पुस्तकातून मला लख्ख कळलं. फोडलेली खडी रस्त्यात गडप होते. कमान साधली तर ती साधणाऱ्याला रोज समोर दिसते, आणि कुणाचाही जुलूम त्याच्या हातातली ती कला काढून घेऊ शकत नाही.

पुढं काय झालं हे वाचताना तर मी उठून येरझाऱ्या घालू लागले. १८७३ मध्ये सिंगापूरची ही व्यवस्था बंद झाली. ज्यांची शिक्षा उरली होती त्यांना अंदमानला हलवलं. पण सुटलेल्यांपैकी कितीतरी जण तिथंच राहिले. कुणी गवंडीकाम धरलं, कुणी रस्त्यांची कंत्राटं घेतली, कुणी बैलगाड्या चालवल्या, कुणी गाई पाळल्या. ज्या गावात बेड्या घालून उतरले, त्याच गावात त्यांच्या हातांना मागणी!

वाचता वाचता एकदम महाबळेश्वर आठवलं. तिथला चायनामन फॉल आपण सगळे पाहतो, फोटो काढतो आणि पुढं जातो. १८३४ मध्ये तिथं चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला होता. ते बटाटे, भाज्या पिकवत, वेताच्या टोपल्या विणत, आणि त्यांच्याच मळ्यांवरून धबधब्याला ते नाव पडलं. म्हणजे आपले कैदी तिकडे गवंडी झाले आणि तिकडचे इकडे माळी! दोन्हीकडची ही माणसं एकत्र मांडून मराठीत कुणीतरी पुस्तक लिहायलाच हवं. पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याची दप्तरं आहेत, कोकणातली, देशावरची नावंही त्यांत निघतील. इतिहासाचे विद्यार्थी हे वाचत असतील तर कृपा करून शोधा!

सिंगापुरात मॅकनेअर यांनी आराखडा केलेला आणि आपल्या कैद्यांनी १८६७ ते १८६९ मध्ये बांधलेला गव्हर्नरचा वाडा आज इस्ताना म्हणून ओळखला जातो. सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष तिथं पाहुण्यांचं स्वागत करतात. काही मोजक्या सणांना त्याचं आवार सर्वांसाठी खुलं होतं, त्यांत दिवाळीही आहे. यंदाची दिवाळी मुलीकडेच करायची आणि नातवाला घेऊन त्या रांगेत उभं राहायचं, हे मी ठरवूनच टाकलंय.