जुन्या वस्तूंचा भाव

मुंबईचा चोरबाजार आपल्यातल्या बऱ्याच पोरांनी नुस्ता ऐकलाय. त्यातली जुन्या चिजांची गल्ली म्हणजे मटन स्ट्रीट. शुक्रवारी ही दुकानं बंद आणि रस्त्यावर जुम्मा बाजार. मी गेलो गुरुवारी. पिंपळगाव बसवंतहून टमाट्याच्या ट्रकनं वाशी, तिथून लोकलनं सँडहर्स्ट रोड, पुढं पायी.

काय नाही तिथं? कर्ण्याचे ग्रामोफोन, लंबकाची घड्याळं, झुंबरं, सिनेमाची जुनी पोस्टरं, आरामखुर्च्या. पितळी समया, तांब्याचे हंडे. एका हंड्याचा भाव विचारला. दुकानदार बोलला, "वाड्यातला माल आहे साहेब, शंभर वर्सं जुना." मी हंडा उचलला, फिरवला, पालथा केला. कुणी हटकलं नाही. त्याला माझ्या जातीशी मतलब नव्हता, खिशाशी होता.

माझ्या आजीनं असल्या हंड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, वरून ओतलेलं. हंडा शिवायची बंदी. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले ते ह्याच्यासाठी. आता त्या वाड्याचा हंडा फुटपाथवर आलाय आणि कुणीबी शिवावा. हिला समता म्हणायचं का? नाही दोस्तहो. हा फक्त बाजार आहे.

मग मी आपलं काही दिसतं का ते पाहू लागलो. वाडा गल्लीभर मांडलेला. महारवाडा कुठंच नाही. कसा असणार? गाडग्याला कोण भाव देणार?

आमच्या आजाकडं येसकराची काठी होती, घुंगरांची. सांगावा, वर्दी, दारोदारची शिळी भाकर, सगळं त्या काठीमागं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. आजा तेवढा थांबला नाही. १९५६ ला नागपूरहून आला आणि काठी चुलीत घातली. त्या जाळावर घरची भाकर भाजली. आजी सांगायची, "त्या दिसाची भाकर लई गोड लागली." ती काठी उरली असती तर आज कुणाच्या दिवाणखान्यात टांगलेली असती. जळाली, बरं झालं.

पण सगळंच जाळायचं नसतं. 'जनता'चे अंक, १९५६ पासूनचे 'प्रबुद्ध भारत'चे अंक, जलशाच्या वह्या, दीक्षेचे फोटो, हे आपल्या घराघरांत ट्रंकेत आहे. म्हातारा जातो, पोरगा स्लॅब टाकतो, ट्रंक किलोवर भंगारात. उद्या तोच कागद कुणी काचेआड ठेवील आणि आपल्याच पोराला तो बघायला तिकीट काढावं लागंल.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते जमवले, १९७५ साली तो संग्रह शासनाला दिला. एका माणसानं अडकित्त्यांसाठी एवढं केलं. आपल्याकडं तर लढ्याचा पुरावा आहे.

परत आल्यावर आम्ही वस्तीतल्या तीन ट्रंका उघडल्या. दोनात वाळवी. तिसरीत एक वही निघाली, नागपूरला जायला कुणी किती दिले त्याची. कुणी रुपया, कुणी आठ आणे, एका बाईनं पायलीभर बाजरी. नाव आणि पुढं अंगठा.

ही वही विकायची नाही. तिची नक्कल करून ठेवलीय. तुमच्या वस्तीतल्या ट्रंका कधी उघडताय?